टोकाची कडी

अंबरीषच्या पायाला भिंगरी आहे, हे नंदिनीनं लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं. बसला की गुडघा हलणार, उभा राहिला की खिशातली नाणी वाजणार. पुण्याहून जपानात निशी-कसाईला येऊन चार वर्षं झाली, सॉफ्टवेअरची तीन प्रोजेक्ट्स पार पडली, पण घरात गडी दहा मिनिटं एका जागी बसेल तर शपथ! आणि अशा माणसाला शनिवारी सकाळी सहापासून मासे धरायचा एक ओला रॉड दर पाच मिनिटांनी थोडा थोडा फिरवत बसायचं होतं. तेही तीन तास. नंदिनीला हसू आवरेना.

"देवासमोर कधी एवढा टिकला नाहीस," ती म्हणाली.

"गप गं. हा एपॉक्सीचा लेप ओघळला की संपलं सगळं."

रॉड मोरियामा-सानसाठी होता. अंबरीष नवा आला तेव्हा ऑफिसात ते त्याचे साहेब. याला धड जपानी येईना, कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा ते कळेना. त्या माणसानं त्याला हाताशी धरलं, आणि एका रविवारी कासुमिगाउरा तळ्यावर बास मासा धरायला नेलं. सगळ्या जगात ती एकच जागा, जिथे अंबरीषचा गुडघा शांत व्हायचा.

बास धरायची त्यांची पद्धत फार नाजूक. दोरीच्या शेवटी शिसं, ते तळाला टेकलेलं. त्याच्या वीतभर वर गळ, गळाला रबरी अळी. अळी जागच्या जागी थरथरवत ठेवायची. मासा हिसका देत नाही, अळी हळूच तोंडात ओढून घेतो. हाताला कळते ती एवढीशी टिचकी. "हे डोळ्यांचं काम नाही, बोटांचं," मोरियामा-सान दर खेपेला बजावायचे.

आणि मार्चमध्ये त्यांच्या मेंदूला झटका आला. चालणं सावरलं, बोलणं सावरलं, उजव्या हाताची पकडही परतली. बोटांतली जाणीव मात्र गेली ती गेलीच. चाळीस वर्षांची सवय, डाव्या हाताला रॉड धरवेना. निवृत्त, एकटा माणूस; पडदे ओढून टीव्हीसमोर बसायला लागला. सप्टेंबरात अंबरीष भेटायला गेला, तर सगळे रॉड दोरीनं बांधून दाराशी ठेवलेले.

"मोठं सामान नेणाऱ्या कचऱ्याच्या गाडीला फोन केलाय," मोरियामा-सान म्हणाले.

 त्याच पावली अंबरीष दुकानात गेला आणि कार्बनची कोरी काठी घेऊन आला. जन्मात भिंतीला खिळा न ठोकलेला माणूस! पण डोक्यात एक कल्पना होती. मोरियामा-सानच्या मनगटाच्या वर जाणीव शाबूत होती. मग मूठ लांब करायची, तिच्यावरचं बुचाचं आवरण एका बाजूनं कापायचं, म्हणजे उघडं कार्बन थेट कोपराखालच्या हातावर टेकेल. टिचकी बोटांना नाही कळली, तर तिथे कळेल. महिनाभर ऑफिसातून आला की हेच चाललं होतं. दोरीसाठी सात कड्या आणि टोकाला आठवी, बारीक दोऱ्यानं गुंडाळून बसवलेल्या. त्यावर एपॉक्सीचा हात.

"एका रविवारी, एकदाच येईन," मोरियामा-सान मोठ्या मिनतवारीनं कबूल झाले होते. "काही कळलं नाही, तर पुन्हा बोलवायचं नाही."

तो रविवार उद्यावर आला होता.

नऊ वाजता एपॉक्सी ओघळायची थांबली. अंबरीष आंघोळीला गेला. जेमतेम दहा मिनिटं गेली असतील. बाहेर येऊन बघतो तर काय, पाटावर त्याचा लॅपटॉप, घरातली कात्री, सुरी, पक्कड, आणि त्यांच्यावर आडवा रॉड! एकेका कडीवर हळद-कुंकवाचं बोट, वर शेवंतीच्या पाकळ्या. त्या दिवशी खंडेनवमी होती.

"अगं, काय केलंस हे? ओला आहे तो अजून!"

"तू फिरवायचा थांबलास, मला वाटलं वाळला."

"विचारायचंस तरी!"

"खंडेनवमीला हत्याराला कुंकू लावायचं, ते विचारून? आणि मी हात जोडले ते त्या बिचाऱ्या माणसासाठीच ना?"

त्यावर अंबरीष बोलू नये ते बोलला. "तुझ्या त्या बोटभर कुंकवानं माझ्या महिन्याच्या मेहनतीचा सत्यानाश केला!"

नंदिनीनं निरांजन खाली ठेवलं आणि आत निघून गेली. 

अंबरीषनं स्पिरिटमध्ये फडकं बुडवून एकेक कडी पुसली, पाकळ्या खरवडल्या, नवा हात दिला, पुन्हा तीन तास फिरवत बसला. टोकाची कडी त्यानं सगळ्यांत आधी केली होती, ती आतापर्यंत घट्ट झाली होती. तिच्यातलं कुंकू काही केल्या निघेना. नखानं खरवडलं, शिव्या घातल्या, शेवटी नाद सोडला. टोकाकडे बघतंय कोण!

रविवारी दुपारी तो आणि मोरियामा-सान तळ्यावर पोचले. मोरियामा-साननं बाही वर सरकवली, रॉड हातावर टेकवला आणि दोरी टाकली. अंबरीष काठावर येरझाऱ्या घालत होता. देवा, एक टिचकी कळू दे रे! एवढ्यात पाण्यापाशी दोरी हलली.

"आता!" तो ओरडला. म्हाताऱ्यानं रॉड उचलला. उशीर झाला होता.

पुन्हा तसंच. तिसऱ्यांदाही तसंच.

"अंबरीष-सान, हाताला काही कळत नाही," ते शांतपणे म्हणाले. ओरडले असते तरी परवडलं असतं. अंबरीष मटकन सिमेंटच्या काठावर बसला.  आपली सगळी हुशारी मातीत गेली, आणि उद्यापासून हा माणूस पुन्हा त्या पडद्यांमागे, एवढंच त्याला समजत होतं.

मोरियामा-साननं शेवटची दोरी टाकली आणि त्यांची नजर रॉडच्या टोकाकडे गेली. पाणी काळं, रॉड काळा. त्या काळ्यात एकच लाल ठिपका. तो किंचित झुकला. म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. ठिपका पुन्हा झुकला आणि त्यांनी झटक्यात रॉड उचलला.

"आला!"

रॉड कमानीसारखा वाकला. सुन्न बोटांनी मूठ सोडली नाही, डावा हात रीळ फिरवत राहिला. दीड वितीचा बास. मोरियामा-सान गुडघ्यावर बसले, त्याच्याकडे बघत राहिले, मग त्याला अलगद पाण्यात सोडलं.

"चाळीस वर्षं चुकीचं शिकवत होतो," ते म्हणाले. "डोळ्यांचंही काम आहे हे." त्यांनी टोकाला बोट लावलं. "हा लाल रंग तुम्ही मुद्दाम दिलात?"

हो म्हणायला काय जात होतं? शब्द ओठांवर आलासुद्धा.

"नाही. माझ्या बायकोनं लावला. चुकून..." अंबरीष अडखळला. "चुकून नाही. तुमच्यासाठी लावला."

मोरियामा-साननं टोकाकडे तोंड करून मान झुकवली, आणि अळी सरळ करून दोरी पुन्हा टाकली.

अंबरीष बाजूला गेला, फोन लावला.

"पुसून झालं ना सगळं?" नंदिनीनं उचलताच विचारलं.

"एक राहिलं, नंदू. टोकावरचं." तो वळून तळ्याकडे बघत होता. "तेवढंच दिसलं त्यांना."