पायाशी ठेवलेला आवाज

मी ॲम्प्लिफायर बोलतोय. गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी म्हणा हवं तर. या जगात येऊन मला जेमतेम तीन आठवडे झालेत, पण एवढ्यातच जीव नकोसा झालाय.

अमेरिकेत, अलाबामातल्या एका लहानशा चर्चमध्ये मी आलो. इथला जुना ॲम्प्लिफायर ऐन उपासनेत धूर सोडून मेला. मग चर्चमधल्या बायकांनी चार शुक्रवार मासे तळून विकले आणि त्या पैशांतून मला आणलं. जुना होता छातीएवढा उंच. मी ठेंगणा. पण चाळीस वर्षं इथं गिटार वाजवणाऱ्या ल्यूशस म्हाताऱ्यानं मला त्याच्याच जागी, आपल्या पायामागे जमिनीवर ठेवलं.

पहिल्याच रविवारी त्यानं तार छेडली आणि मी किंचाळलो.

"सांभाळ रे देवा त्याला!" लोक ओरडले. मला वाटलं, कौतुक चाललंय. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या मदर झेनोबियांनी, म्हणजे इथल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईंनी, गाल धरला. "ल्यूशस बाळा, दाढेत भरलेलं सिमेंट हललं की रे माझं!" तेव्हा उमगलं. इथं कुणाचं बिघडलं, की लोक अशीच हाक मारतात.

हसण्यावारी नेलं असतं हो, पण आर्वेलाचा प्रश्न होता. आर्वेला ल्यूशसची बायको. अर्धांगाच्या झटक्यानंतर ती वर्षभर गायलीच नव्हती. या रविवारी ती त्यानंतर पहिल्यांदाच गायला उभी राहणार होती. नवऱ्याच्या गिटारीला धरून धरूनच तिला सूर सापडायचा. सरावाला तिनं तोंड उघडलं, मी टोचलो, ती खाली बसली.

"नाही जमायचं मला. सूर हरवतो."

"तुझा दोष नाही गं, या पेटीचाय. घुसमटतीय मेली." असं म्हणत ल्यूशसनं ट्रेबलचं बटण, म्हणजे आवाजाला धार देणारं, आणखी वर नेलं.

मी तळमळलो. अरे बाबा, माझं तोंड तुझ्या पोटऱ्यांकडे आहे! वर तुला दबकं ऐकू येतं, आणि समोर बसलेल्यांना मी सुईसारखा टोचतो!

त्यानं तारा बदलल्या, वायर बदलली, मला थोपटलं, एकदा बुक्कीही मारली. शनिवारी दुपारी हात टेकले. "परत करतो हिला. गिटारही ठेवून देतो आता."

आर्वेला त्याच्यासाठी बर्फ घातलेला गार चहा घेऊन शेजारी आली, तेव्हा त्यानं शेवटची तार छेडली.

"अगंबाई, इथं तर गोधडीतून आल्यासारखं वाटतंय!"

"मग मी काय सांगतोय?"

"समोर बसून ऐकलंयस कधी? चाळीस वर्षं एकाच जागी उभा खांबासारखा! आण ती गिटार."

तिनं चांगल्या हातानं तार ओढली. पुढच्या बाकावर जाऊन बसलेल्या ल्यूशसनं दोन्ही कान झाकले.

"देवा रे! आणि तू हे गप्प ऐकून घेतलंस?"

"गप्प कुठली? बसले की खाली!"

मग त्यानं मला उचलून खुर्चीवर ठेवलं, मागे जरासं कलतं, म्हणजे माझं तोंड त्याच्या कानाकडे होईल असं. ट्रेबल उतरवत उतरवत बराच वेळ ऐकत राहिला. आर्वेला मात्र गायली नाही. "उद्याच बघू," म्हणाली. आवाज परत आला नाही तर, ही भीती तिच्या तोंडावर मला दिसत होती.

आज रविवार. ती बाकाला धरून उभी आहे. माणसांनो, कुणाचाही आवाज वाईट ठरवण्याआधी एकदा त्याच्यासमोर येऊन बसा, एवढंच मागणं आहे माझं.

ल्यूशसनं तार छेडली. जितकं हळू बोलता येईल तितकं मी बोललो, आणि पुढची जागा तिच्या सुरासाठी मोकळी ठेवली.