प्लायवूडची भिंत

तपासणीला आलेल्या बाईंनी बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केलं, तर पलीकडून लगेच दोनदा टकटक ऐकू आली. बाई दचकल्याच.

लान-जे ओशाळली. "शेजारी आहेत. त्यांना वाटलं, मीच."

"आजी, भिंत नुसती प्लायवूडची आहे. एक ठिणगी पडली तर चपला पायात सरकवायलाही वेळ मिळायचा नाही."

बाईंचं काही खोटं नव्हतं. शाम शुई पो नावाच्या दाट वस्तीतल्या त्या जुन्या इमारतीत घरमालक को साहेबांनी एका घराच्या खोल्या पाडल्या होत्या, लग्नघरी केक कापावा तशा. लान-जेच्या वाट्याला खिडकी आली होती. पलीकडच्या तांगच्या वाट्याला नुसता पंखा. आता नवा नियम आला होता: खोली भाड्याने द्यायची तर परवाना हवा, आणि परवाना हवा तर प्रत्येक खोलीला खिडकी हवी, ठरलेली लांबी-रुंदी हवी, भिंत न जळणारी हवी. म्हणजे मधली भिंत काढायची, दोन खोल्यांची एक करायची आणि त्यात एकच भाडेकरू ठेवायचा. कोण राहणार ते तुमचं तुम्ही ठरवा, असं सांगून को साहेब मोकळे झाले.

त्या भिंतीची ओळख भांडणातूनच झाली होती. तांग रात्रभर खोकायचा, लान-जे वैतागून भिंत बडवायची, तोही हट्टाने उलटी बडवायचा. मग एकदा खोकला अचानक थांबला. लान-जेला आधी बरं वाटलं आणि मग धस्स झालं. जाऊन पाहते तर म्हातारा तापाने फणफणलेला. ती ज्या पेजेच्या दुकानात वाडगे विसळायची, तिथली गरम पेज आणून तिने त्याला चार दिवस पाजली. तेव्हापासून कामाला निघताना ती दोनदा टकटक करायची. पलीकडून दोन आल्या की तिचा दिवस सुरू व्हायचा. जगात तिची एवढी चौकशी दुसरं कुणी करत नव्हतं.

तपासणीच्या संध्याकाळी तिने तांगला धीर करून विचारलं, "मधे पडदा लावू की. कोण बघायला येतंय?"

"लोक काय म्हणतील?"

"आपल्याबद्दल बोलायला लोकांना वेळ आहे होय, म्हातारबा?"

तांग हसला आणि हसता हसता खोकला. मग हळूच म्हणाला, "लान-जे, गावाबाहेर सरकारी खोली मिळतेय मला. खिडकी आहे म्हणे. इतकी वर्षं मी इथे पावसाचा नुसता आवाज ऐकलाय हो."

त्याला कुठल्या तोंडाने थांबवणार? तिला रडू आलं, ते तिने त्याला द्यायची खारवलेली अंडी कागदात गुंडाळण्याच्या निमित्ताने लपवलं.

सरकारी माणूस तांगला न्यायला आला तेव्हा नुसती घाई झाली. औषध वेळेवर घ्या, थंड पिऊ नका, असं ती जिना संपेपर्यंत बजावत राहिली. दुपारी सुतारांनी भिंत पाडली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, हात सवयीने वर गेला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की त्याचा पत्ता विचारायचा राहूनच गेला. तांगकडे फोन नव्हता. भिंत असताना फोन हवा होता कुणाला? को साहेबांना विचारलं, तर त्यांनाही ठाऊक नव्हतं.

महिन्याभराने त्याच बाई पुन्हा आल्या. नव्या तारा, धूर झाला की वाजणारा भोंगा, उघडणारी खिडकी, सगळं मनासारखं झालेलं पाहून त्या खूश झाल्या.

"आता कसं ऐसपैस झालं, आजी! पण खाट अशी खोलीच्या मधोमध का? जाता-येता ठेच लागेल. भिंतीला लावा की."

"भिंतीलाच लावलीय," लान-जे म्हणाली.

बाईंनी खाली पाहिलं. खाटेच्या कडेने फरशीवर भिंतीची फिकट रेघ अजून दिसत होती. त्यांनी पेन काढलं. सही करून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लान-जेने खाटेच्या फळीवर दोनदा टकटक केलं. थोडा वेळ थांबली. मग चपला घातल्या आणि कामाला निघाली.