बोरं लुटायला

"आधी फळ्यावरचं वाक्य पुरं करा, मग भांडा," देवयानी हिंदीतून म्हणाली तसा वर्ग जरा निवला.

काशीत दुर्गाघाटावरच्या तिच्या क्लासात त्या दुपारी इंग्रजीतली जर-तरची वाक्यं चालली होती. 'गावात माणसं असती, तर...' एवढंच तिनं लिहून ठेवलं होतं. मुलं सगळी गाजीपूर, बलिया, चंदौलीकडची, शहरात खोल्या घेऊन राहणारी. आधी हिंदीतून वाद घालायचा, मग तो इंग्रजीत उतरवायचा, अशी तिची रीत.

दाढीवाला रमाकांत उठला. "तो रामलीला में सीता बाहर से नहीं बुलानी पड़ती, मैडम."

"दाढ़ी बनवा ले, तू ही बन जा," मागून कुणीतरी म्हणालं.

हशा ओसरल्यावर सुनैना उठली. ती फारशी बोलत नसे. "बच्चे होते तो स्कूल खुला होता. अब उसमें भूसा रखते हैं." मग तिनं विचारलं, "आपकी गली में कितने बच्चे हैं, मैडम?"

देवयानीनं खडू खाली ठेवला. सकाळीच सासूबाईंशी, इंदूताईंशी, यावरूनच बोलणं झालं होतं. तिच्या ओजसची ही पहिलीच संक्रांत. त्याचं बोरन्हाण करायचं होतं.

"करू गं," इंदूताई हलव्याचा हार ओवता ओवता म्हणाल्या होत्या, "पण बोरं लुटणार कोण? गल्लीत आपला एक तरी बच्चा उरलाय का? होळीनंतर लेकाला घेऊन जातेच आहेस त्याच्या बापाकडे, श्रीनिवासकडे पुण्याला. पुढच्या साली तिथं कर. सोसायटीत ढीगभर मुलं असतील."

"इथंच करायचंय, आई."

याहून जास्त तिला सांगता आलं नव्हतं. ती याच गल्लीत वाढलेली. धाकट्या भावाच्या बोरन्हाणाला घरात पाय ठेवायला जागा नव्हती. डोक्यावरून बोरं, लाई-चुरमुरे, उसाचे करवे ओतले की पोरं एकमेकांच्या अंगावर पडत. उंबऱ्याबाहेर गेलेलं बोर पायऱ्यांवरून टणटण घाटाकडे निघे, आणि त्याच्यामागे पोरांची धाड. गंगेत पडायच्या आत पकडायचं, अशी शर्त असायची.

"मराठी घरों में बस मेरा एक," ती सुनैनाला म्हणाली. मग एकदम वर्गाकडे वळली. "रविवार को सब मेरे घर आना."

"टेस्ट है, मैडम?" रमाकांत धास्तावला.

"हाँ. बेर लूटने की."

रविवारी सगळे आले. चपला बाहेर काढून, अंग चोरून भिंतीला टेकून बसले. काळ्या झबल्यातला, हलव्याचा मुकुट घातलेला ओजस पाटावर आईला धरून होता. इंदूताईंनी ओवाळलं आणि त्याच्या डोक्यावरून वाटी रिती केली. बोरं फरशीभर पळाली. कुणी हललं नाही.

"अरे, देख क्या रहे हो? लूटो," इंदूताई म्हणाल्या.

पहिला रमाकांत गुडघ्यांवर आला. मग सगळीच. सहा फुटी पोरं पाटाभोवती रांगायला लागली, एकमेकांच्या मुठी उघडू लागली. ओजस आधी बावरला, मग रमाकांतची दाढी धरून खदखदून हसला. इंदूताईंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच पुन्हा वाटी भरायला घेतली.

सुनैना आपल्या वाट्याची बोरं ओढणीच्या टोकाला बांधत होती. "दादी को दूँगी. बहुत साल हुए, उनके हाथ में किसी बच्चे के नाम का कुछ आया नहीं."

शेवटच्या वाटीतलं एक बोर उंबरा ओलांडून गेलं. पहिल्या पायरीवर वाजलं, मग दुसरीवर. देवयानी ओजसला कडेवर घेऊन दाराशी आली. खोलीतली गडबड थांबली. बोर वळणापलीकडे गेलं तरी आवाज येत होता, लहान लहान होत.

मग तोही थांबला.

"दार लाव गं," आतून इंदूताई म्हणाल्या. "पोराला हवा लागेल."