शाळेचं कापड

सुट्टी लागली त्याच संध्याकाळी वळवळी मामाकडे येऊन धडकली. खरं नाव चांगलं लांबलचक होतं, पण पोरगी एका जागी मिनिटभर टेकत नसे, म्हणून घरात सगळे तिला वळवळीच म्हणत. आई-बाबा दोघंही नोकरीवर, त्यामुळे सुट्टीत मामाकडे जायचं हे ठरलेलं. यंदा मामी नको म्हणाली असती. पण नाही म्हणायलाही तिच्यात त्राण नव्हतं.

मामा-मामीचं शिवणकामाचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. उन्हाळा म्हणजे गणवेशांचा हंगाम. निळ्या चड्ड्यांच्या ढिगातून वाट काढावी लागायची. यंदा मात्र मामाने पाटीवरचे 'शालेय गणवेश' हे शब्द रंग फासून झाकून टाकले होते. थंडीत तापाचं निमित्त झालं आणि त्यांचा एकुलता एक मुलगा गेला. सारखा गुणगुणायचा, म्हणून त्याला भुंगा म्हणायचे.

तेव्हापासून मामा फक्त पडदे शिवायचा, तेही धड नाही. एक शिवण मारली की उठायचा, दारात जायचा, परत यायचा, तेल घातलेल्या मशीनला पुन्हा तेल घालायचा. मामी आत घासलेली भांडी पुन्हा घासायची. दोघांचं बोलणं म्हणजे 'दोरा संपला' आणि 'जेवायला वाढलंय'.

वळवळीने बटणांचे डबे उपडे केले, मशीनमध्ये दोरा गुंतवून ठेवला. कुणी ओरडलंच नाही. ओरडणाऱ्या मामाची तिला सवय होती. या गप्प मामाची भीती वाटायला लागली.

एका दुपारी मामा दोरा आणायला गेलेला. एक बाई मुलाचं बोट धरून आल्या, काखेत निळं कापड.

"गणवेश शिवता ना अजून?"

"शिवतो की!" वळवळी म्हणाली. गळ्यात मिरवत असलेली मामाची टेप काढून तिने मुलाच्या कमरेला गुंडाळली. "पोट आत ओढू नकोस रे, शाळेत बटण उडेल." बाई हसल्या आणि कापड ठेवून गेल्या.

मामा परतला तो कापड बघून दारातच थबकला.

"हे कुणी घेतलं?"

"मी. शब्द दिलाय त्यांना."

"जा, परत देऊन ये."

आवाज ऐकून मामी बाहेर आली. तिने कापडावर हात ठेवला. "राहू दे."

"तुला जमणार आहे का याची काजं करायला?"

"मला विचारलंत कधी? पाटीवर रंग फासलात, तेव्हा तरी विचारलंत?"

"तुला त्रास होईल म्हणून..."

"माझा त्रास तुम्ही ठरवणार? अहो, पडदे शिवून तरी कुणाला झोप लागतेय इथे?"

आवाज चढत गेले. आपल्यामुळे भांडण पेटलं म्हणून वळवळीची पाचावर धारण बसली. तोंडाला येईल ते ती बोलून गेली.

"भुंग्याची चड्डी मागून सारखी फाटायची!"

मामाने कापडाची घडी उलगडली.

"दुहेरी शिलाई मारायचो मी," मामा हळूच म्हणाला. "तरी फाटायची."

"फाटणार नाही तर काय! दिवसभर घसरगुंडीवर असायचा मेला..." मामी बोलली आणि तिने तोंडावर हात दाबून धरला. रोज दहादा त्याला लाडाने हासडलेला तो शब्द. आधी ती हसली की रडली, कळलं नाही. मामा टेबलाला वळसा घालून तिच्यापाशी गेला. वळवळी पाणी आणायला धावली; निम्मं वाटेतच सांडलं.

तिने घेतलेलं माप अर्थातच चुकीचं निघालं. मुलाला पुन्हा बोलवावं लागलं. काजं करता करता मामी मध्येच उठून आत गेली, बऱ्याच वेळाने आली आणि तीच सुई पुन्हा हातात घेतली. मग आणखी गणवेश आले. एखाद्या दिवशी मामा म्हणायचा, "आज नको." मामी म्हणायची, "बरं."

सुट्टी संपली. आई येऊन वळवळीला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी घर खायला उठलं. भर दुपारी मामाने मशीन बंद केलं.

"चल, बाहेर जाऊन येऊ."

"कुठे?"

"माहीत नाही. चल."

मामीने पायांत चपला सरकवल्या आणि दोघं उन्हात बाहेर पडली.