धारूरच्या किल्ल्यातली राणी

जिल्हा परिषदेचं मतदान तीन आठवड्यांवर आलेलं, आणि कुणी अनोळखी बाई धारूरात आपल्या आजोबांची चौकशी करत फिरते हे कळल्यावर उमेदवार भारतचं डोकं फिरलं. बाईचं नाव राजनंदिनी, कोल्हापूरची. बोलपट यायच्या आधीच बुडालेल्या एका फिल्म कंपनीचा इतिहास लिहिते म्हणे. भारतचा त्यावर काडीचा विश्वास बसला नाही. तिला विरोधकांनीच धाडलं, असं त्यानं गृहीत धरलं. तिचं कॉलेज खरं का, गाडी कुणाची, लॉजवर भेटायला कोण आलं, सगळं त्यानं माणसं लावून शोधून काढलं. वावगं काहीच निघालं नाही, तसा त्याचा संशय आणखी वाढला.

शेवटी त्यानं तिला घरीच बोलावलं. निदान नजरेसमोर तरी राहील.

तिनं एक फोटो पुढं ठेवला. किल्ल्याच्या दरवाजात नऊवारी नेसलेली, नथ घातलेली राणी.

"हे तुमचे आजोबा, बंकटराव," ती म्हणाली. "तेव्हा बायका सिनेमात यायला तयार नसायच्या."

भारतच्या बॅनरवर झुपकेदार मिशांचे आजोबा होते. "किती जणांना दाखवलाय?" त्यानं एवढंच विचारलं.

कुणालाच नाही, असं सांगून ती पुढं बोलत राहिली. शंभर वर्षांमागं कंपनी इथं तीन महिने राहिली होती. हे लोक किल्ल्याचे नकाशे काढून इंग्रजांना देतात, अशी तक्रार कुणीतरी निजामाच्या तहसिलीत केली. शिपायांनी फिल्मचे डबे जप्त केले आणि आत काय आहे ते बघायला भर उन्हात उघडले. उजेड लागून सगळी रिळं वाया गेली. कंपनी पुन्हा उभी राहिली नाही. तक्रार कुणाची, तेवढंच तिला सापडलं नव्हतं.

उंबऱ्याशी भारतची आई केसरबाई शेंगा फोडत बसली होती. भारतनं तिला डोळ्यानं दटावलं, पण ती बोललीच.

"मामंजींच्या बापानंच केलती. पोरगं लुगडं नेसतंय म्हणून. मामंजी त्येंच्याशी मरेस्तोवर बोलले न्हाईत."

"तुला कुणी सांगितलं हे?"

"त्येंनीच. मी नवी आलते, मला काष्टा जमंना. आपल्या धोतरावर लुगडं नेसून दावलं त्येंनी मला. लई सुरेख नेसायचे."

राजनंदिनीनं तासभर तिचं सगळं लिहून घेतलं. जाताना फोटो इथंच राहू द्या, असं भारत म्हणाला, तर तिनं तो लगेच दिला. इतक्या सहज दिला म्हणजे दुसरी प्रत असणारच, हे त्यानं ओळखलं. विचारल्यावर तिनं कबूलही केलं. पुस्तकाला अजून दोन वर्षं लागतील म्हणाली. भारत केजच्या रस्त्यापर्यंत तिच्या गाडीमागं गेला.

परतला तेव्हा केसरबाईनं फोटो बैठकीत, सगळ्यांना दिसेल असा ठेवला होता. तो उचलायला त्यानं हात पुढं केला, आणि आईकडं बघून मागं घेतला.

संध्याकाळी कार्यकर्ते आले. ही कोण, असं एकानं विचारलं. तुला कुणी धाडलं विचारायला, असं भारतच्या ओठावर आलं होतं.

"आमचे आजोबा," तो म्हणाला, आणि त्या माणसाचा चेहरा निरखत राहिला.