डाव्या दंडावरची काळी फीत

जांभळीच्या बुंध्याआड उभं राहून संगीताने हातात चार हिरव्या बांगड्या चढवल्या आणि मोबाइलच्या काचेत बघत कपाळाला कुंकू टेकवलं. सहा वाजत आले होते. वाडीत रेंज नव्हती. ती मिळायची पवना धरणाच्या या वळणावर, पर्यटकांच्या तंबूंच्या वरच्या अंगाला. फोन वाजला तसा तिने पदर सारखा केला.

"आये, उद्या फायनल," पडद्यावर हिरा म्हणाली. भारताच्या कबड्डी संघातून खेळायला लेक परदेशी गेली होती. "बा कुटंय?"

"तंबूवर. लय गर्दी हाय."

"रोजच कसा तंबूवर?"

"मग, कामधंदा सोडून तुज्याशी गप्पा मारीत बसंल व्हय?"

हिरा हसली. फोन बंद झाल्यावर संगीताने कुंकू पुसलं आणि बांगड्या उतरवून पिशवीत टाकल्या. नवऱ्याला, सावळाला, जाऊन आठ दिवस झाले होते.

तंबूची खुंटी ठोकता ठोकता त्याच्या छातीत कळ आली आणि तो तिथेच बसला, तो उठलाच नाही. हिराचं विमान उडाल्याला तेव्हा तीन दिवस झाले होते. लोक म्हणाले, पोरीला कळवा. संगीताने सगळ्यांसमोर सांगितलं, तिचा खेळ होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. पोर रिंगणात उतरायच्या आधीच खचली असती. अंगणात राखेच्या रेघा मारून तिला पहिल्यांदा खेळायला उभं करणारा सावळाच होता, त्यालाही हेच पटलं असतं, असं तिने स्वतःला बजावलं. शाळेतल्या गोरख सरांनीही तिची बाजू घेतली. पण बापाचं शेवटचं तोंड आपण लेकीला बघू दिलं नाही, हे ती आयुष्यात कधी विसरेल का, या विचाराने संगीताचा जीव रोज खालीवर होत होता.

त्यात सासूने अबोला धरला. पहिल्याच संध्याकाळी सून घरातूनच बांगड्या भरून निघाली, ते कमळाबाईने पाहिलं होतं.

"माज्या लेकाचं मरान खोटं पाडतीस," ती एवढंच म्हणाली. तेव्हापासून ती सुनेकडे पाठ करून जेवत होती.

संगीताला रडायचीही सोय नव्हती. सुजलेले डोळे फोनमध्ये दिसतात.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता तिकोणा पेठेच्या शाळेत सामना लावला होता. सुतक असल्याने संगीता आत गेली नाही, खिडकीचे गज धरून बाहेर उभी राहिली. वर्गात सगळं गाव दाटीवाटीने बसलं होतं. मुली मैदानात आल्या, एकच गलका झाला, आणि त्या गलक्यात टीव्हीवरचा माणूस इंग्रजीत काय सांगत होता ते कुणालाच ऐकू आलं नाही.

हिराचा चेहरा पडद्यावर मोठा झाला. तिच्या डाव्या दंडावर काळी फीत होती.

काळी फीत संगीताला ठाऊक होती. मागच्या साली हेडमास्तर वारले तेव्हा शाळेतल्या सगळ्या मास्तरांनी आठवडाभर लावली होती. तिने डोळे फाडून पाहिलं. सातही मुलींच्या दंडावर फीत होती.

म्हणजे हिराला कळलं होतं. तिने मैत्रिणींना सांगितलं होतं आणि त्या पोरींनी, कुठल्या कुठल्या राज्यांतल्या, तंबू ठोकणाऱ्या सावळासाठी साऱ्या जगासमोर दुखवटा पाळला होता. संगीताला गज सोडवेनात. नवऱ्याचा इतका मान तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

गोरख सर घाईघाईने बाहेर आले.

"संगीताताई, शपथेवर सांगतो, मी नाही कळवलं."

"असू द्या सर. कळलं ते बरं झालं," ती म्हणाली. "माजं वझं उतारलं."

सामना हिराच्या संघाने जिंकला. लोकांनी फटाके आणले होते, पण खिडकीकडे बघून कुणी वाजवले नाहीत.

सहा वाजता ती वळणावर गेली ती रिकाम्या हातांनी आणि कोऱ्या कपाळाने. आता लेकीपासून लपवायचं काही उरलं नव्हतं. नऊ दिवसांत आज पहिल्यांदा तिला फोनची भीती वाटली नाही.

"आये! बघितलंस का?" हिरा पदक कॅमेऱ्यासमोर नाचवत होती. पदकाने सगळा पडदा भरून गेला होता.

"बघितलं. समद्या पोरींनी फीत लावली ती बी बघितली. त्येंला माजा नमस्कार सांग."

"नमस्कार कशापाई? संघटनेचे कोन जुने साहेब वारले म्हनं. सकाळी मॅडमनी वाटल्या अन् बांधा म्हनाल्या. आमी त्यांला कधी बघितलंबी न्हाई."

संगीताचा हात कोऱ्या कपाळाकडे गेला. हिराने पदक खाली घेतलं आणि तिला आईचं तोंड नीट दिसलं. ती बघतच राहिली.

"आये, बा कुटंय?"

तंबूवर, हा शब्द संगीताच्या ओठांपर्यंत आला आणि तिथेच राहिला.

"कवा?" हिराने विचारलं.

"तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिशी."

"मंजे मी रोज इचारत हुते, अन् तू..."

"तुजा खेळ मोडंल म्हून, बाय."

"मला त्याचं तोंडबी बघू दिलं न्हाईस."

हे ती ओरडून म्हणाली असती तर संगीताला सोसलं असतं. पण ती अगदी हळू बोलली. तिच्या मागे कुणीतरी गाणं लावलं होतं, मुली तिला हाका मारत होत्या. हिरा उठली. पडदा हलला, दार लागल्याचा आवाज आला आणि मागचं सगळं शांत झालं. आता ती फोन ठेवणार, असं संगीताला वाटलं.

"रोज त्या वळनावर कुनासंगं यायचीस?" हिराने विचारलं.

"कुनासंगं येनार? एकलीच."

हिराने मनगटाने नाक पुसलं.

"खाली बस," ती म्हणाली. "बस अन् रडून घे, आये. मी फोन ठेवत न्हाई."

संगीता रस्त्याच्या कडेलाच बसली. खालच्या तंबूंतली माणसं माना वळवून वर बघायला लागली, तरी तिने पदर तोंडाला लावला नाही.