एक्स-रेच्या दाराबाहेर

चष्म्याच्या दुकानात ती पुन्हा कामावर रुजू झाली त्याला तीन आठवडे झाले होते. दुकानाच्या मागच्या खोलीत दिव्याखाली बसून काचा फ्रेमच्या मापाला घासायच्या, बसवायच्या, काड्यांचे स्क्रू आवळायचे हे तिचं काम. पोरगी झाल्यावर दीड वर्ष ते सुटलं होतं, आता कुठे हात परत बसायला लागला होता. दुकान घरापासून चालत सात मिनिटांवर. जेवायच्या सुट्टीत ती घरी यायची, भिंगरीला मांडीवर घेऊन चार घास पोटात ढकलायची आणि पुन्हा पळायची.

भिंगरी हे पोरीचं घरातलं नाव. एका जागी बसेल तर शपथ. दिवसभर तिला सासूबाई सांभाळायच्या. त्या एरवी आपल्या घरी एकट्या राहत, पण सुनेला कामावर जायचंय म्हटल्यावर दोन बॅगा घेऊन आल्या होत्या. पंचवीस वर्षं त्यांनी कारखान्यात शर्टांच्या घड्या घालून ते खोक्यांत भरले होते. त्यांनी लावलेलं कपाट उघडायला सुनेला भीती वाटायची, घडी विस्कटेल म्हणून.

दोघींमध्ये कधी खटका उडाला नव्हता. पण पहिल्याच दिवशी सुनेने फ्रिजवर एक यादी चिकटवली होती, किती वाजता काय भरवायचं, कुठलं औषध कुठे आहे याची. सासूबाईंनी चष्मा लावून ती सबंध वाचली आणि एवढंच म्हणाल्या, "मीही एक वाढवलाय. तुझा नवरा." सून हसली, पण यादी तिने काढली नाही.

त्या दिवशी ती एक वाजून दहा मिनिटांनी घरी आली. भिंगरी सोफ्यावर बसली होती. नुसती बसली होती. तिथेच तिच्या मनात पहिली पाल चुकचुकली. झबल्याचा गळा लाळेने ओलाचिंब झाला होता.

"दात येतायत बघ," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "अकरापासून कुरकुर चाललीये. केळं दिलं तर थुंकलं. दूध दिलं, तेही सगळं बाहेर."

"ताप आहे का?"

"अंग गार आहे. दातच."

तिने भिंगरीला उचललं. पोरीने मान तिच्या खांद्यावर टाकली आणि घशातल्या घशात एक विचित्र आवाज केला. तिला घेऊन ती सोफ्यावर टेकली, तेव्हा मांडीखाली काहीतरी टोचलं. कोपऱ्यातल्या दिव्याचा रिमोट होता, बिस्किटाएवढा. त्याच्या पाठीवरचं झाकण गायब होतं. आत गोल चपट्या सेलची जागा, आणि ती रिकामी.

"आई, यातला सेल कुठाय?"

"कसला सेल?"

"यातला. गोल असतो, नाण्यासारखा. तुम्ही काढलात का?"

"मी कशाला काढू?" सासूबाई हात पुसत बाहेर आल्या आणि सुनेचा चेहरा पाहून जागच्या जागी थांबल्या.

पुढची दोन मिनिटं दोघी गुडघ्यांवर होत्या. सोफ्याखाली, गालिच्याखाली, उशांच्या अभ्र्यांत, खेळण्यांच्या टोपलीत. झाकण सापडलं. सेल नाही. भिंगरीने पुन्हा तोच आवाज केला. तोंडातून लाळेची तार लोंबली. ती गिळतच नव्हती.

आणि मग सुनेच्या तोंडून ते बाहेर पडलं.

"एक पोर सांभाळायचं होतं तुम्हाला. एक! डोळे कुठे होते तुमचे?"

सासूबाई दाराकडे वळल्या. त्यांनी पायांत चपला सरकवल्या, भिंगरीचं टोपडं आणि घराची किल्ली घेतली, आणि दार उघडून उभ्या राहिल्या.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. काम चालू असताना त्याचा फोन खाली पेटीत असायचा. तिने जिना उतरता उतरता तीनदा लावला. नुसती रिंग वाजत राहिली.

फाटकाशी तळमजल्यावरच्या ताईंची गाडी सुरू होती. ताई गाडी चालवायला शिकवायच्या. स्टिअरिंगवर त्यांचे आजचे शिष्य बसले होते, कोपऱ्यावरचे न्हावीकाका, साठी उलटल्यावर गाडीची हौस आलेले.

"ताई, हिने सेल गिळलाय. हॉस्पिटल."

ताईंनी एक प्रश्नही विचारला नाही. "काका, उतरा. पुढे इकडे बसा." काका पट्टा सोडायचं विसरून उतरायला गेले, अडकले, सुटले आणि गाडीला वळसा घालून शेजारच्या सीटवर आले. दोघी मागे बसल्या. ताईंनी गाडी अशी काढली की काकांनी नकळत दोन्ही पाय पुढे रोवले. त्या बाजूला शिकवणाऱ्याचा ब्रेक होता. गाडी गचकन थांबली.

"काका! पाय वर!"

त्यानंतर काका सबंध रस्ता गुडघे छातीशी घेऊन बसले. एरवी हसून हसून पुरेवाट झाली असती.

भिंगरीला ताठ धरून ती तिच्या श्वासाकडे कान लावून होती. येतोय. जातोय. रस्त्यावरचा प्रत्येक लाल दिवा जणू त्यांच्यासाठीच लागत होता. दुसऱ्या सिग्नलला तिला आठवलं.

त्या झाकणाचा स्क्रू महिन्यापूर्वीच पडला होता. तिनेच त्यावर चिकटपट्टी लावली होती. नवरा म्हणाला होता, "तुझ्याकडे तर स्क्रूंची खाण आहे, एक आण की." तिच्या टेबलाच्या खणात, झाकणाच्या डब्यांमध्ये, असे शेकडो स्क्रू होते. आणते म्हणाली. रोज म्हणाली. दिवसभर लोकांच्या चष्म्यांना ती तेच बसवत होती.

तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. हातात टोपडं, चार घड्या घातलेलं, ते उलगडून त्या पुन्हा घड्या घालत होत्या. आत्ता सांगावं, असं तिला वाटलं. सिग्नल हिरवा झाला.

हॉस्पिटलात तपासणाऱ्या डॉक्टर तिच्याच वयाच्या असतील. त्यांनी रिमोट हातात घेऊन उलटापालटा केला, खाचेचं माप बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"केव्हा गिळला?"

"अकराच्या आसपास असेल," सासूबाई म्हणाल्या. "अकरापासून लाळ गळतेय."

"म्हणजे अडीच तास झाले. आता तोंडात काही देऊ नका. आधी एक्स-रे. घशात अडकला असेल तर थांबता येत नाही, आतून भाजत जातो."

भाजत जातो. तिने भिंगरीचं डोकं आपल्या खांद्यावर सरळ केलं.

एक्स-रेच्या खोलीच्या दारात एक उंच माणूस निळ्या कपड्यांत उभा होता. त्याने जाड, जड, शिशाचा झगा पुढे केला. "मुलीला कोणीतरी धरावं लागेल. आई ना तुम्ही? या. दिवस गेलेले नाहीत ना? पाळी चुकलीये का?"

तो हे सगळ्यांनाच विचारत असावा. उत्तराची वाट न बघता तो झगा उलगडत होता. ती मात्र झग्याकडे बघत राहिली.

आठ दिवस वर गेले होते. तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. कामावर नुकती लागलेय, भिंगरी अजून अंगावर पितेय, असं असताना ती स्वतःशीसुद्धा ते उच्चारत नव्हती. उद्या बघू, परवा बघू. स्क्रूसारखंच.

"चुकलीये," ती म्हणाली. "आठ दिवस. नक्की नाही माहीत."

त्याचे हात थांबले. "मग तुम्ही नाही आत यायचं. दुसरं कोण आहे?"

"मी आहे," मागून सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी झगा चढवला. ठेंगण्या बांध्यावर तो घोट्यापर्यंत आला. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. त्यांच्या डोळ्यांत राग आहे का, हे तिला बघायचं होतं आणि बघवतही नव्हतं. अर्ध्या तासापूर्वी ज्या हातांवर तिने बोट ठेवलं होतं, त्याच हातांत तिने पोर दिली. भिंगरीने आईचा कुडता मुठीत पकडला होता. सासूबाईंनी एकेक बोट सोडवलं.

दार बंद झालं. वर लाल दिवा लागला.

आतून भिंगरी रडायला लागली, पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता, घोगरा होता, मध्येच तुटणारा. मग सासूबाईंचा आवाज आला, मोठ्याने, अगदी ठाम. "इकडे बघ. माझ्याकडे बघ. हात वर कोणाचा? भिंगरीचा. दुसरा हात कोणाचा? भिंगरीचा. श्श. हललीस तर मी पण हलणार." क्षणभर रडणं थांबलं. यंत्राचा एक आवाज झाला.

दाराबाहेर उभं राहून तिने भिंतीला कपाळ टेकवलं. आपल्याला आत जाता आलं नाही, याचा तिला मनापासून राग आला. पोटात असलेल्या किंवा नसलेल्या कोणाचा तरी राग. आणि लगेच त्या रागाची भीती वाटली.

फोटोत तो स्वच्छ दिसत होता. छातीच्या वरच्या भागात पांढरं वर्तुळ, कडेला आत आणखी एक वर्तुळ. "नाणं असतं तर एकच कड दिसली असती," डॉक्टर म्हणाल्या. "हा सेलच आहे. अन्ननलिकेत अडकलाय. वर सगळी तयारी झालीये. गुंगी देऊन दुर्बिणीने काढू." तिने सही केली. काय वाचलं ते तिला एका अक्षराने सांगता आलं नसतं.

वरच्या मजल्यावर एका बाकावर दोघी बसल्या. ताई खाली गाडीपाशी थांबल्या होत्या. काकांनी वर येऊन पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्या आणि ते खाली गेले.

"आई," ती म्हणाली, "तो स्क्रू पडला होता. महिना झाला. मी आणणार होते. मी तुम्हाला जे बोलले..."

सासूबाईंनी मान हलवली, पण तिला माफ करण्यासाठी नव्हे. "ती पट्टी मी काढली. सकाळी. मळली होती, केस चिकटले होते. म्हटलं नवी लावू. कात्री आणायला उठले आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली. मग विसरलेच." त्या थांबल्या. "घरी तू विचारलंस ना, तेव्हाच आठवलं होतं मला. बोलायचा धीर झाला नाही."

दोघी समोरच्या दाराकडे बघत राहिल्या. थोड्या वेळाने सासूबाईंनी बाटलीचं बूच उघडून ती तिच्या हातात दिली. "पी. सकाळपासून पोटात काही नसेल तुझ्या."

नवरा आला तेव्हा त्याच्या कोपरापर्यंत काळं ग्रीस होतं. तेरा मिस्ड कॉल बघून तो अर्धवट काम सोडून धावत आला होता.

"कसं झालं हे? कोणाचं लक्ष नव्हतं?"

सुनेने तोंड उघडलं, पण सासूबाई आधी बोलल्या. "आधी बस. हात धू. पोर बाहेर येईल तेव्हा तिला हे हात लावणार आहेस का?"

तो खरंच हात धुवायला गेला. परत येईपर्यंत दार उघडलं होतं.

डॉक्टरांच्या हातात छोटी पारदर्शक पिशवी होती. सेलची एक बाजू काळी पडली होती. "निघाला. आत भाजलंय, पण खोल नाही. आरपार गेलेलं नाही. वेळेत आणलंत. चार-पाच दिवस नळीने अन्न, मग पुन्हा बघू." नवरा बाकावर मटकन बसला. ती उभीच राहिली. आता बसले तर उठता येणार नाही, असं तिला वाटलं.

ते पाच दिवस तिघांनी आळीपाळीने काढले. नवऱ्याला तिने सगळं सांगितलं, स्क्रूचं, पट्टीचं, आठ दिवसांचंही. तो म्हणाला, "रिमोटवाला दिवाच घ्यायचा, हा हट्ट माझाच होता." तिसऱ्या दिवशी दुपारी तिची चुकलेली मासिक पाळी आली. सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी पिशवीतून लागेल ते काढून दिलं आणि भिंगरीला आपल्याकडे घेतलं. हॉस्पिटलच्या न्हाणीघरात ती दोन मिनिटं नळ सोडून रडली. सुटल्यासारखं वाटत होतं, आणि काहीतरी हातचं गेल्यासारखंही. कुठलं जास्त, ते तिला ठरवता आलं नाही.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी गार दुधाचा पहिला चमचा द्यायला सांगितलं. भिंगरीने तो तोंडात धरून ठेवला. तिघं तिच्या गळ्याकडे बघत राहिले. मग गळा हलला, दूध खाली उतरलं. पोरीने घोगऱ्या आवाजात फर्मावलं, "अजू."

पुढच्या सोमवारी ती कामावर गेली. दहाला तिने घरी फोन केला. झोपलीये, असं कळलं. साडेदहाला पुन्हा केला. उठलीये. पावणेअकराला तिसऱ्यांदा केला तेव्हा पलीकडे काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज आला आणि त्यापाठोपाठ भिंगरीचं खिदळणं.

"अगं बाई," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या, "हिच्याकडे बघू की तुझ्या फोनकडे? ठेव आता. आणि काम कर."

तिने फोन ठेवला. थोडा वेळ तो तसाच हाताखाली धरून बसली, मग पुढची काच उचलली.